बारदान्याखालचे दोन डबे

नेरमध्ये इकबालभाईंच्या नजरेवर आजवर कोणी शंका घेतली नव्हती, आणि त्यांच्या काळजीचं मूळ नेमकं तेच होतं.

गणगौर जिनिंगमध्ये ते सव्वीस वर्षं ग्रेडर होते. कापसानं भरलेली बैलबंडी फाटकातून आत आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा मूठभर कापूस ओढून काढायचा, उजेडाकडे धरायचा आणि सांगायचं: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर फरतड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा रद्दड माल. भाव त्या एका शब्दावर ठरायचा. इकबालभाईंनी शब्द दिला की शेतकरी कुरकुरायचा नाही आणि शेठजीही कुरकुरायचे नाहीत. आणि हे दोघं एकाच वेळी गप्प बसणं ही कापसाच्या धंद्यात सोपी गोष्ट नव्हे. गावानं मग ही नजर कापसापुरती ठेवली नाही. लग्नाचा शालू असो, तुरीची डाळ असो, जुनी मोटारसायकल असो, "जरा इकबालभाईले दाखवून घ्या" असं म्हटल्याशिवाय नेरमध्ये कोणाचा व्यवहार पुरा होत नसे. एकदा तर एका गृहस्थांनी भावी जावई दाखवायला आणला होता. इकबालभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि "ओल हाय" एवढंच म्हणाले. पुढे तो मुलगा खरोखरच पिणारा निघाला.

तर या इकबालभाईंना गेल्या वर्षापासून दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांपुढे कोणी ताकाचा हात फिरवून ठेवावा तसं सगळं पिवळट आणि पुसट झालं होतं. माणसं ते आवाजावरून ओळखत. एसटी लाल आहे एवढं कळे, पाटी कळत नसे. त्यामुळे एकदा अमरावतीला म्हणून निघाले ते दारव्ह्याला जाऊन आले, आणि घरी सांगितलं की काम दारव्ह्यालाच होतं. यवतमाळच्या एका डॉक्टरनं दोन मिनिटांत निकाल दिला होता: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करून टाका. डॉक्टरला काय जातं बोलायला! ग्रेडरच्या डोळ्यांना काही झालं आहे हे एकदा गावात फुटलं, की नंतर ते डोळे गरुडाचे झाले तरी त्यांच्यापुढे बंडी कोण उभी करणार? इकबालभाईंनी ती चिठ्ठी घडी करून निकाहाच्या शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवून दिली. ती शेरवानी आता त्यांना कुठूनही होत नव्हती, म्हणजे जागा सुरक्षित.

काम चालत होतं ते बोटांवर. धागा किती लांब, ओल किती, पत्तीचा कचरा किती, किडकी कवडी किती, हे सगळं बोटं सांगत. बोटांना मोतीबिंदू होत नाही. फक्त रंग बोटांना कळत नाही, आणि तिथेच गेल्या जानेवारीत घात झाला. चार कोसांवरच्या उकंडा आत्रामची बंडी होती. हातात कापूस असा आला की बोटं मनातल्या मनात "एक नंबर" म्हणून मोकळी झाली. पण उजेडाकडे धरला तर पिवळट दिसला. इकबालभाई क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन नंबर." उकंडानं त्यांच्याकडे पाहिलं, "बरं भाई" म्हणाला आणि बंडी काट्याकडे घेऊन गेला. संध्याकाळी शेठजींच्या टेबलावर नमुने मांडलेले होते तेव्हा तिथला कारकून सहज बोलला, "हा इतका पांढराशुभ्र कोनाचा हो?" तो उकंडाचा होता. इकबालभाई त्या रात्री जेवले नाहीत आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती, आणि न सांगितलेली गोष्ट माणसाला आतून कशी कुरतडते हे वेगळं सांगायला नको.

अशात दिवाळी झाली, नवा हंगाम महिन्यावर आला, आणि आळीत दोन डबे येऊन पडले.

पहिला डबा काळा. तो इकबालभाईंच्या बहिणीचा मुलगा फैज यानं शारजाहून आणला होता. दुसरा डबा पांढरा. तो शेजारच्या उत्तमसिंग राठोड सरांच्या संजयनं पुण्याहून आणून बहिणीसाठी, अंजूसाठी ठेवला होता. दोन्ही डबे टीव्हीला जोडायचे आणि त्यावर व्हिडिओ गेम खेळायचे. काळा तो प्लेस्टेशन आणि पांढरा तो एक्सबॉक्स, पण आळीनं ही नावं पहिल्याच दिवशी टाकून दिली आणि "काळा" आणि "पांढरा" यांवर काम भागवलं.

एके सकाळी सामाईक भिंतीवरून अंजू फैजला म्हणाली, "फैजभाई, चित्र आमच्या डब्याचं जास्त साफ हाय." फैज म्हणाला, "हट्! काळ्यात मोटारीच्या काचेवर ढग दिसतात ढग. तुमच्यात दिसतात काय?" अंजूनं सांगितलं की त्यांच्यात ड्रायव्हरच्या कपाळाचा घाम दिसतो. एवढंच झालं. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडले होते आणि संध्याकाळी बसस्टँडवर तिसरा, जो म्हणायचा की दोन्ही बेकार, जपानात याहून भारी मिळतो.

एवढ्याशा गोष्टीनं गाव का पेटलं असं कोणी विचारेल. ती वर्षंच तशी होती. रोज पेपरात आपल्या जिल्ह्याचं नाव यायचं आणि ते कशासाठी यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिल्लीहून कॅमेरेवाले यायचे, मंत्री यायचे, पॅकेज यायचं. फक्त कापसाला भाव तेवढा यायचा नाही. टपरीवर दुसरा विषय नव्हता आणि त्या विषयाला शेवट नव्हता. ज्यात कोणी मरत नाही असं एक भांडण गावाला हवंच होतं.

आणि भांडण म्हटलं की निवाडा आला. निवाडा म्हटलं की इकबालभाई.

राठोड सर ओट्यावर येऊन बसले. सर हायस्कुलात भूगोल शिकवत आणि बोलताना हवेत नकाशे काढत. "भाई, आता तुमीच पाहून द्या बाप्पा. तुमचा शब्द शेवटचा. मी लिहून द्याले तयार हाय."

"सर, मले त्यातलं काय समजते? मी कापसाचा माणूस."

"अवो, माल तो माल! प्रत पाहाची हाय फक्त. कोनतं चित्र एक नंबर, कोनतं दोन नंबर."

फैजही होताच. "मामू, मले मंजूर हाय. तुमी माह्ये मामू आहात म्हणून पक्षपात करसान, असं तं दुश्मनबी म्हणत नाही."

टीव्हीवर इकबालभाईंना आजकाल जे दिसे ते शिजत आलेल्या वरणात डाळ हलते तसं दिसे. आणि इथे हात घालायला जागा नव्हती. चित्र चिमटीत धरून ओढता येत नाही, दाताखाली चावून ओल कळत नाही. पण नाही म्हणावं तर का म्हणून सांगावं? सव्वीस वर्षांत कुठल्याही मालाला त्यांनी नाही म्हटलेलं नव्हतं. मग त्यांनी अडलेला मध्यमवर्गीय माणूस जे करतो ते केलं. ते अटी घालू लागले. अटी इतक्या घालायच्या की समोरचाच कंटाळून "राहू द्या" म्हणेल.

"असा घरात बसून माल नाही पाहत मी," ते गंभीरपणे म्हणाले. "टीव्ही एकच पाह्यजे. चारचौघांत पाह्यजे. समाजमंदिरात ठेवा."

"ठेवू."

"कोनता डबा कोनाचा हे मले समजलं नाही पाह्यजे. दोन्ही बारदान्याखाली झाका."

"वा!" सर म्हणाले.

"मालक दहा पावलं दूर. बंडीले हात लावाचा नाही."

"बराबर!"

"अन् कोनी खेळाचं नाही. खेळणारा चांगला असला तं चित्रबी चांगलं वाटते. कापसावर वरून पाणी मारल्यासारखं हाय ते."

यावर फैज पुढे सरकून म्हणाला, "मामू, कोनी बटन दाबलं नाही ना, तं मोटारी आपोआप पळतात थोड्या वेळानं. दोन्हीत तोच गेम हाय. तेच पाहा तुमी." आणि मग मागे वळून जमलेल्यांना म्हणाला, "पाह्यलं? याले म्हनतात नजर!" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इकबालभाईंनी मूठ झाकायला बारदाना मागितला, आणि सगळं गाव मूठ पाहायला निघालं.

आता एकच आशा उरली होती: सरकारी कचेरी. समाजमंदिर मिळवायला अर्ज करावा लागे, आणि तिथला अर्ज वर्षानुवर्षं भिजत घोंगड्यासारखा पडतो ही सगळ्या गावाची तक्रार होती. इकबालभाई आयुष्यात प्रथमच त्या तक्रारीवर भिस्त ठेवून कचेरीत गेले. 'प्रयोजन' या रकान्यात त्यांनी मुद्दाम 'चित्रांची प्रतवारी' असं लिहिलं, कारण असं कुठलंही प्रयोजन नियमांत बसणार नाही याची त्यांना खात्री होती.

बाबूंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "चित्र म्हणजे कशे? तसे तं नाही?"

"नाही, मोटारी आहेत."

"कोनाच्या?"

"कोनाच्याच नाही."

"मंग चालवते कोन?"

"आपोआप चालतात."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. हे स्पर्धेत बसत नाही, प्रदर्शनात बसत नाही, धार्मिक कार्यक्रमात तर नाहीच नाही, असं ते म्हणत गेले तसतसा इकबालभाईंचा जीव भांड्यात पडत गेला. मग बाबू पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तो काळा-पांढरा मामला हाच का? माह्या घरी बायको पांढऱ्याकडून हाय अन् मी काळ्याकडून. चार दिवस झाले, धड जेवण नाही." आणि त्यांनी अर्जावर सही करून शिक्का मारला. ज्या कचेरीत रस्त्यावरचा बल्ब बदलायला दोन पावसाळे लागत, तिथून इकबालभाई परवानगी घेऊन अकरा मिनिटांत बाहेर पडले. पोलीस ठाण्यानं तर न मागता बंदोबस्ताला एक शिपाई दिला, कारण शिपायालाच यायचं होतं.

रविवार ठरला. मधल्या पाच दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. शिंपी म्हणाला, "भाई, काठ पाहा, काठावर माल कळते." औषधांच्या दुकानवाल्यानं सांगितलं, "सावलीवर ध्यान ठेवा." राठोड सरांनी संजयनं पुण्याहून पाठवलेली छापील सात पानं आणून दिली, ज्यात दोन्ही डब्यांची तुलना इंग्रजीत होती. इकबालभाईंनी ती पानं शोभेल इतका वेळ समोर धरली, मग अंगठ्यानं कागद चोळून म्हणाले, "कागद बरा हाय." फैजनं एक दुपार खर्च करून समजावलं की मोटार म्हणजे मुळात लाखो बारीक त्रिकोण, जितके त्रिकोण जास्त तितकं चित्र गुळगुळीत. हे मात्र इकबालभाईंना पटकन समजलं, कारण सुताचंही तसंच असतं. फक्त त्रिकोण दिसायला हवे होते.

त्या पाच दिवसांत त्यांची झोप उडाली. आपण चुकीचं बोललो तर गाव हसेल, हसता हसता कोणीतरी डोळ्यांकडे निरखून पाहील, आणि हंगामात फाटकात दुसराच कोणी हात घालत असेल. त्यांची बायको कमरुन्निसा जेवायला वाढताना माशातला काटा आधीच काढून मगच मासा वाढत होती, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शनिवारी ती म्हणाली, "सांगून टाका ना जी एकदाचं."

"काय सांगू?"

"जे सांगाचं हाय ते."

इकबालभाई कान खाजवत बाहेर निघून गेले.

रविवारी समाजमंदिर गच्च भरलं. व्यासपीठावर सरांचा एकोणतीस इंची टीव्ही, त्याच्या बाजूला टेबलावर बारदान्याचे दोन ढिगारे. बारदाना खुद्द गणगौर जिनिंगमधून आला होता; एकेका डब्यावर तीन तीन पोती, म्हणजे शंकेला जागा नको. जोडणी केबलवाल्या भीमसिंगनं केली, कारण तो दोन्ही बाजूंकडून महिन्याचे पैसे घेत असल्यामुळे तटस्थ मानला गेला. सर आणि अंजू डाव्या भिंतीला, फैज उजव्या भिंतीला, मोजून दहा पावलं. मध्ये एका खुर्चीवर इकबालभाई. आणि त्यांच्या मागच्याच रांगेतून एक आवाज आला, "सलाम भाई. बाजाराले आलतो, म्हटलं तुमचं काम पाहून जावं."

आवाज उकंडाचा होता. इकबालभाईंनी मागे न वळताच सलाम केला.

भीमसिंगनं दोन्ही डबे सुरू केले, इकबालभाईंनी खुर्ची पुढे ओढली, आणि लाइट गेली. वेळापत्रकात तर ती पाचला जायची होती! इकबालभाईंनी मनातल्या मनात वीज खात्याचे आभार मानले. पण मंडपवाल्यानं स्वखुशीनं जनरेटर आणून ठेवला होता. तो धडधडत सुरू झाला. त्या आवाजात भीमसिंगनं बारदान्याखाली हात घालून चाचपत बटणं दाबली, टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि ओरडला, "हा पहिला!"

मोटारी पळू लागल्या. इकबालभाईंना एक तांबडा डाग हिरव्या डागावरून जाताना दिसला. पाच मिनिटांनी भीमसिंगनं रिमोट दाबला, टीव्ही काळा झाला, त्यानं पुन्हा दाबला, चित्र आलं. "हा दुसरा!" तांबडा डाग हिरव्या डागावरून गेला. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. असं पाऊण तास चाललं.

सभागृहाचं मत मात्र दुसऱ्याच फेरीत पक्कं झालं होतं. पहिला उत्तम आणि दुसरा भिकार. "पहिल्यात धूळ कशी उडते पाहा, दुसऱ्यात उडतच नाही!" शिंपी म्हणाला. औषधवाल्याला दुसऱ्यातल्या सावल्या वाकड्या दिसल्या. बाबूंनी सांगितलं की दुसरं चित्र पाहून त्यांचं डोकं दुखतंय. सर भिंतीपासून ओरडले, "पहिला तं आमचा पांढरा! रंगच सांगून राह्यला!" आणि उजव्या भिंतीपासून फैज गरजला, "पहिला काळा हाय सर, काचेवर ढग दिसत नाहीत काय?" पहिलं चांगलं यावर सगळ्यांचं एकमत, आणि पहिलं कोणाचं यावर हातघाई. दाराशी बायकांत बसलेली कमरुन्निसा एवढंच म्हणाली, "मले तं तेच तेच दिसून राह्यलं." तिला चारजणींनी गप्प केलं.

"बोला भाई! निकाल!"

इकबालभाई उठले. आता यात अवघड काय होतं? सगळं सभागृह पहिला म्हणतंय. आपणही "पहिला एक नंबर, दुसरा दोन नंबर" म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण त्या "दोन नंबर"पाशी जीभ अडली. मागे उकंडा बसला होता. गेल्या जानेवारीतही आपण न दिसताच "दोन नंबर" म्हणालो होतो, आणि हा माणूस "बरं भाई" म्हणून निघून गेला होता. हंगाम लागला की पुन्हा फाटकात उभं राहायचं. पुन्हा किती जण "बरं भाई" म्हणणार?

"मले फरक नाही दिसला," इकबालभाई म्हणाले.

जनरेटर तेवढा धडधडत होता.

"पहिल्यातबी नाही अन् दुसऱ्यातबी नाही. मले काहीच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, एक साल झालं. मी लपवून ठेवलं. चूक झाली माही."

हे बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी भयंकर भीतीही वाटली. तेवढ्यात त्यांच्या नाकाला ओळखीचा वास आला. तापलेल्या तागाचा. जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा वास झोपेतसुद्धा उठवतो. "आग!" म्हणून ते ओरडले आणि टेबलाकडे धावले. पहिल्या ढिगाऱ्याला हात लावला तर चटका बसला. त्यांनी पोती ओढून फेकली. आत काळा डबा धापा टाकत होता. तीन पोत्यांखाली त्याला श्वास घ्यायला जागाच राहिली नव्हती. मग त्यांनी दुसऱ्या ढिगाऱ्यात हात घातला, सवयीनं, कोपरापर्यंत.

आत माठासारखं गार होतं.

"भीमसिंग," इकबालभाई म्हणाले, "हा चालू कुठी हाय?"

भीमसिंग आला. त्यानं पोती उचलली, पांढऱ्या डब्याकडे पाहिलं, रिमोटकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. लाइट गेल्यावर जनरेटरच्या गडबडीत त्याच्या हातून एकच डबा पुन्हा सुरू झाला होता. बंद डब्यावर टीव्ही काळाच राहायचा, म्हणून चित्र दिसेपर्यंत तो रिमोट दाबत होता, आणि चित्र दर वेळी त्याच डब्याचं येत होतं. पाऊण तास सगळं गाव काळ्याची काळ्याशीच तुलना करत होतं.

शिंप्यानं धुळीबद्दल काही बोलायचं टाळलं. बाबूंचं डोकं दुखायचं अचानक थांबलं. क्षणभर सगळे एकमेकांकडे चोरून पाहत राहिले, आणि मग राठोड सरांनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले. "अरे, पाह्यलं का! आपण डोळस असून आंधळे झालो, अन् भाईनं एका झटक्यात सांगतलं: फरक नाही! वरून मोतीबिंदूचं सोंग! आपली परीक्षा घेतली ना लेकहो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "सोंग नाही सर, खरंच दिसत नाही मले!" इकबालभाई ओरडत होते. जितकं ओरडत तितके लोक हसत. शिपायानं त्यांना सलाम ठोकला. औषधवाला म्हणाला, असा ग्रेडर विदर्भात होणे नाही. शेठजींना त्याच संध्याकाळी जाऊन इकबालभाईंनी सगळं सांगितलं, तर शेठजी पोट धरून हसले. "भाई, मलेबी फसवता काय आता? सुटी पाह्यजे तं सरळ सुटी मागा ना!"

खरं सांगावं आणि कोणी मानू नये, यासारखा अपमान नाही. घरी आले तेव्हा ओट्यावर उकंडा बसला होता. बाजाराची पिशवी शेजारी.

"उकंडा," इकबालभाई उभ्यानंच म्हणाले, "गेल्या साली तुह्या बंडीले मी..."

"मले माहीत हाय."

"माहीत हाय? मंग बोलला काहून नाही?"

"तुमचा हात थांबलता भाई. हातानं एक नंबर म्हटलं होतं, मी पाह्यलं ना. मंग डोळ्याजवळ नेलं अन् दोन नंबर झालं. म्हटलं, भाईच्या डोळ्याले काही झालं हाय. आता इतक्या लोकांत, एका बंडीपायी, तुमच्या तोंडावर कसं म्हणू?"

इकबालभाई ओट्यावर बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी आलं तसं येऊ दिलं. त्यांच्यावर विश्वास ठेवणारा अख्ख्या नेरमध्ये एकच माणूस निघाला होता, आणि तो ज्याचं त्यांनी नुकसान केलं तोच.

आतून कमरुन्निसा आली. तिच्या हातात शेरवानीतली चिठ्ठी होती. "आठ महिने झाले मले सापडून," ती म्हणाली. "सकाळची पहिली गाडी हाय. उकंडाभाऊ, तुमी सोबत जासान काय? हे पुन्हा दारव्ह्याले जातील."

एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. हिरवी पट्टी निघाली, मग काळा चष्मा निघाला, आणि इकबालभाईंना जग लखलखीत दिसू लागलं. राठोड सर केस काळे करतात हे दिसलं. घराच्या भिंतीला तीन ठिकाणी ओल आली आहे हेही दिसलं. कमरुन्निसाच्या कानामागचे पांढरे केस दिसले, आणि ते किती तरी वेळ तिकडे पाहत राहिले. "काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "काही नाही," ते म्हणाले.

शारजाला परत जायच्या आदल्या दिवशी फैजनं आग्रह धरला. या वेळी बारदाना नको, जनरेटर नको, दोन्ही डबे डोळ्यांदेखत सुरू. सरांच्या बैठकीत आळी जमली. इकबालभाईंनी खुर्ची पुढे घेतली आणि अर्धा तास मन लावून पाहिलं. काचेवरचे ढग पाहिले. कपाळावरचा घाम पाहिला. झाडाचं पान न् पान पाहिलं. फरक सापडावा अशी त्यांची फार इच्छा होती, कारण आता दिसत होतं. मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्ही सारखेच. मले फरक नाही दिसत."

बैठकीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फैज हळूच कमरुन्निसाच्या कानाशी वाकला. "मुमानी, ऑपरेशन बराबर झालं ना?" राठोड सरांनी इकबालभाईंच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. संध्याकाळपर्यंत बातमी बसस्टँडपर्यंत गेली होती: इकबालभाईंची सोन्यासारखी नजर त्या ऑपरेशननं घालवली.

हंगाम उघडला त्या सोमवारी ते फाटकात उभे राहिले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. रस्त्यावर बंड्यांची रांग होती, पण पुढे कोणी येईना. एकाचं जू ढिलं झालं होतं, एकाला बैलाला पाणी पाजायचं होतं, एक जण चाक पाहत वाकला तो वर उठेचना. इकबालभाई हात मागे बांधून उभे होते. ज्याला ते वर्षभर भीत होते ते अखेर समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही डोळे चांगले झाल्यावर.

मग रांगेच्या पार मागून एक बंडी बाहेर निघाली आणि सगळ्यांना ओलांडून फाटकात आली. उकंडा खाली उतरला आणि दहा पावलं दूर जाऊन उभा राहिला, रीतसर.

इकबालभाईंनी कोपरापर्यंत हात घातला. तळाचा मूठभर कापूस ओढला, चिमटीत धागा ताणला आणि हात उजेडाकडे नेला. कापूस पांढरा होता. इतका पांढरा रंग असतो हे ते विसरून गेले होते. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतंच.

"एक नंबर," ते म्हणाले.

"भाई," उकंडानं तिथूनच विचारलं, "हे हातानं सांगून राह्यले की डोळ्यानं?"

"दोन्हीनं."

"फरक?"

"नाही," इकबालभाई म्हणाले, "फरक नाही."

मागच्या माणसानं चाक सोडलं आणि बैलांना हाक मारली.